जे-२ प्रोसेसर, मिमास व्ही-२ बोर्डावर: सात महिने वापरून मग लिहितोय

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं कंट्रोल कार्ड रिपेअरिंगचं काम आहे. सीएनसीची कार्डं, ड्राइव्ह, वेल्डिंग मशीनचे पीसीबी, जे टेबलावर येईल ते. एकोणीस वर्षं झाली या कामाला. हे आधीच सांगतो कारण मी हा रिव्ह्यू रिपेअरवाल्याच्या नजरेनं लिहितोय. गेम खेळायला किंवा पिक्चर बघायला कुठला प्रोसेसर फास्ट हे इथं मिळणार नाही, हातात आलेलं बंद कार्ड उघडून समजून घ्यायला याचा उपयोग होतो का, एवढंच बघितलंय.

वस्तू दोन आहेत. एक नुमॅटो लॅब या बंगळुरूच्या कंपनीचं मिमास व्ही-२ नावाचं एफपीजीए बोर्ड, जे मी पंचवटीतल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून सेकंडहँड घेतलं, आडगाव नाक्यावर भेटून, अडीच हजाराच्या आत सौदा झाला. दुसरी वस्तू त्या बोर्डावर चढवलेला जे-२ नावाचा प्रोसेसर, आणि तो फुकट आहे. फुकट म्हणजे डेमो व्हर्जन वगैरे नाही. हार्डवेअरचं डिझाइन लिहायच्या व्हीएचडीएल भाषेत लिहिलेलं पूर्ण डिझाइन, आतला प्रत्येक रजिस्टर (आकडा धरून ठेवायची छोटी जागा), प्रत्येक तार कुठून कुठं जाते ते सगळं, बीएसडी लायसन्सखाली. वापरा, बदला, विका, स्वतःची चिप पाडायची ऐपत असेल तर चिप पाडा.

ज्यांना एफपीजीए माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही एक कोरी चिप असते, आत हजारो छोटे लॉजिकचे तुकडे असतात आणि ते कसे जोडायचे ते आपण फाइल टाकून ठरवतो. सकाळी त्यात मोटर कंट्रोलर भरा, दुपारी प्रोसेसर भरा. मिमासवर स्पार्टन-६ घराण्यातली एलएक्स-९ ही लहान चिप आहे, सोबत ६४ एमबी रॅम, मायक्रोएसडीचा खाचा, काही एलईडी, बटणं, सेव्हन सेगमेंटचे तीन आकडे. एवढ्याशा चिपमध्ये ३२ बिटचा पूर्ण प्रोसेसर बसतो आणि त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, हे मी स्वतः डोळ्यानं बघेपर्यंत मला खरंच पटत नव्हतं.

आता जे-२ चं घराणं. मला या सगळ्यात याचंच जास्त अप्रूप आहे त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

जे-२ कोणी शून्यातून रचलेला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला हिताचीने सुपरएच नावाची प्रोसेसरची मालिका काढली, एसएच-१, एसएच-२ अशी. सेगा सॅटर्न नावाचा जो गेम कन्सोल १९९४ ला जपानमध्ये आला त्यात दोन एसएच-२ होते, आणि १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये एसएच-४ होता. पण आमच्यासारख्यांना हे प्रोसेसर भेटले ते गाड्यांच्या ईसीयूमध्ये (इंजिन सांभाळणारं कार्ड) आणि जपानी इंडस्ट्रियल कार्डांवर. नंतर हिताची आणि मित्सुबिशीचा सेमीकंडक्टरचा धंदा एकत्र होऊन २००३ ला रेनेसास झाली आणि हे घराणं तिकडे गेलं, हळूहळू नव्या मालिका आल्या आणि एसएच मागे पडला.

त्याची खुबी अशी की प्रोसेसर ३२ बिटचा, पण प्रत्येक इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला दिलेला एकेक हुकूम, मात्र १६ बिटची. त्या काळी रॉम महाग, बस (मेमरीकडे जाणाऱ्या तारा) अरुंद, आणि बाकीचे रिस्क प्रोसेसर एकेका इन्स्ट्रक्शनला ३२ बिट खायचे. हिताचीने निम्म्यात बसवलं, म्हणजे तेवढ्याच रॉममध्ये जास्त प्रोग्राम मावला आणि प्रोसेसरला मेमरीकडे फेऱ्याही कमी माराव्या लागल्या. पुढे एआरएमने, म्हणजे आजच्या बहुतेक फोनचे प्रोसेसर जिच्या डिझाइनवर असतात त्या कंपनीने, थंब नावाचा जो १६ बिटचा इन्स्ट्रक्शन सेट आणला त्यासाठी त्यांनी हिताचीच्या पेटंटचं लायसन्स घेतलं होतं. आपल्या खिशातल्या फोनच्या पूर्वजांमध्ये या घराण्याचा अंश आहे म्हणायला हरकत नाही.

पेटंटला मुदत असते. एसएच-२ ची पेटंटं २०१४ च्या सुमारास संपली आणि जेफ डिऑन, रॉब लँडली वगैरे मंडळींनी २०१५ ला जपानमधल्या लिनक्सच्या परिषदेत जे-कोअर हा प्रकल्प जगासमोर ठेवला, जे-२ त्यातलाच. डिऑन म्हणजे यूसीलिनक्स, अर्थात एमएमयू (प्रोग्रामांची मेमरी एकमेकांपासून वेगळी ठेवणारा भाग) नसलेल्या प्रोसेसरवर चालणारं लिनक्स, सुरू करणाऱ्यांपैकी एक. लँडलीचं टॉयबॉक्स, म्हणजे लिनक्सच्या छोट्या कमांडचा संच, तर आज अँड्रॉइडमध्येच असतं. या लोकांनी हिताचीच्या डिझाइनची कॉपी मारली नाही. इन्स्ट्रक्शन सेट तोच ठेवला आणि आतलं हार्डवेअर नव्यानं लिहिलं. यातला फरक असा की भाषा जुनीच, बोलणारा माणूस नवा, त्यामुळे जुन्या माणसाने लिहिलेलं पत्र तो वाचू शकतो.

वर थोडी भरही घातली, एसएच-३ मधल्या दोन शिफ्टच्या इन्स्ट्रक्शन आणल्या आणि कंपेअर अँड स्वॅप नावाची एक घेतली जिची कल्पना आयबीएमच्या जुन्या मेनफ्रेमपासूनची आहे. दोन कोअर एकाच मेमरीवर काम करत असतील तर एकमेकांच्या पायात पाय न येण्यासाठी ती लागते.

यात माझ्यासारख्याला मोठा फायदा हा की जीसीसी कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) या घराण्याला वर्षानुवर्षं ओळखतो, लिनक्सलाही ते माहीत आहे, आणि इन्स्ट्रक्शनचं मॅन्युअल कधीचं छापून तयार आहे. माझ्याकडे त्याची स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स आहे, कोपरे गेलेत, सोल्डरच्या फ्लक्सचे डाग पडलेत, आणि तीच झेरॉक्स जे-२ ला जशीच्या तशी लागू पडते. नवीन प्रोसेसर आणि पंधरा वर्षं वापरलेलं पुस्तक, असा योग मला दुसरीकडे कुठं आला नाही.

बोर्ड चालू करायचा अनुभव चांगला आहे. तयार बिटस्ट्रीम, म्हणजे एफपीजीएत भरायची फाइल, मिळते, ती नुमॅटोच्या पायथनवाल्या टूलने यूएसबीवरून बोर्डाच्या फ्लॅशमध्ये टाकायची, एसडी कार्डावर कर्नलची (लिनक्सचा गाभा) फाइल ठेवायची, सिरियल टर्मिनल उघडायचं. बोर्डावर एक सरकणारा छोटा स्विच आहे, एका बाजूला प्रोग्रामिंग आणि दुसऱ्या बाजूला सिरियल, तो फिरवायचं विसरलात तर स्क्रीन काळीच राहील, माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी स्विच सरकवला आणि कर्नलच्या ओळी पळायला लागल्या, शेवटी प्रॉम्प्ट आला. मी एलएस मारलं आणि फोल्डरची यादी आली. एरवी यात काही विशेष नाही पण त्या क्षणी डोक्यात हे होतं की ती यादी दाखवणाऱ्या प्रोसेसरचा प्रत्येक गेट माझ्या लॅपटॉपवरच्या फायलीत वाचता येतो. एकोणीस वर्षं मी काळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांभोवती मीटर फिरवतोय, आत काय चाललंय ते बाहेरच्या पिनांवरून ताडायचं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ठोकळ्याच्या आत बघितलं.

आता खरं काम, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलो.

दिवाळीच्या आधी सातपूरच्या एका शॉपमधून कार्ड आलं. छोटी सीएनसी लेथ, त्यावर ते ठिबकच्या फिटिंगचे पितळी इन्सर्ट काढतात. मशीन चालू केलं की डिस्प्लेवर अलार्म, पुढे काहीच नाही. दोन ठिकाणी आधी दाखवून झालं होतं आणि दोन्हीकडे प्रोसेसर गेला म्हणून सांगितलेलं. मशीन पुरवणाऱ्या डीलरचं म्हणणं ते कार्ड बंद झालंय, अख्खा कंट्रोल बदला, आणि कोटेशन एवढं की शेठ म्हणाले, "दादा, एवढ्यात तर मी जुनं दुसरं मशीन उभं करीन. तुम्ही एकदा बघा, नाहीच झालं तर भंगारात घालतो."

कार्डावर हिताचीचा एसएच घराण्याचा प्रोसेसर आणि शेजारी दोन ईप्रॉम (प्रोग्राम साठवलेल्या मेमरी चिपा), काचेच्या खिडकीवर स्टिकर चिकटवलेल्या. दोन्ही काढून रीडरवर वाचल्या. एकेक बघितली तर काहीच अर्थ लागत नाही, कारण बस १६ बिटची आणि ईप्रॉम आठ बिटच्या, म्हणजे प्रत्येक इन्स्ट्रक्शनचा वरचा अर्धा एकीत आणि खालचा अर्धा दुसरीत. एक बाइट इकडची एक तिकडची अशी वीण घालून फाइल जोडली आणि मग ते दिसलं, ०००बी ०००९, थोड्या थोड्या अंतरावर सगळीकडे. एसएच वर काम केलेल्या माणसाला हा आकडा म्हणजे ओळखीचा चेहरा. ०००बी म्हणजे सबरुटीनमधून (मधेच बोलावलेला प्रोग्रामचा तुकडा) परत जा, आणि ०००९ म्हणजे काही करू नको.

परत जा म्हटल्यावर त्यानंतर काही करू नको कशाला लिहायचं, असं वाटेल. या घराण्याची ही जुनी रीत आहे. आत पाइपलाइन असते, एक इन्स्ट्रक्शन चालू असताना पुढची आधीच उचललेली असते. उडी मारायची वेळ येते तेव्हा ती उचललेली इन्स्ट्रक्शन फेकून द्यायची का? हिताचीने ठरवलं फेकायची नाही, उडीनंतरची एक इन्स्ट्रक्शन पूर्ण करायची आणि मग उडी घ्यायची. त्या जागेला डिले स्लॉट म्हणतात. कंपायलरला तिथं उपयोगाचं काही सापडलं नाही की तो ०००९ टाकून मोकळा होतो. आणि त्याच्या मागोमाग बऱ्याचदा आकड्यांचा एक गठ्ठा असतो, कारण १६ बिटच्या इन्स्ट्रक्शनमध्ये मोठा आकडा मावत नाही, तो प्रोग्रामच्या शेजारीच ठेवून तिथून उचलावा लागतो. म्हणजे फंक्शन कुठं संपलं आणि त्याने कुठले पत्ते वापरले ते दोन्ही एकाच ठिकाणी हाती लागतं.

मग पंचवटीच्या त्याच पोराला बोलावलं. बोर्ड विकलं तरी त्याचा जीव त्यात होता. जे-२ चं डिझाइन आम्ही जीएचडीएल नावाच्या फुकट सिम्युलेटरमध्ये चढवलं, मेमरीच्या जागी कार्डाची जोडलेली फाइल दिली, आणि टायमर, सिरियल पोर्ट वगैरेंच्या पत्त्यांवर ठरावीक खोटी उत्तरं येतील असं त्या पोराने टेस्टबेंचमध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये प्रोसेसरच्या बाहेरचं जग उभं करणाऱ्या कोडमध्ये, लिहिलं. रिसेट दिला की प्रोसेसर पहिल्या चार बाइटमधून कुठून सुरू करायचं तो पत्ता उचलतो आणि पुढच्या चार बाइटमधून स्टॅकचा (तात्पुरत्या नोंदी ठेवायची मेमरी). दोन्ही बरोबर उचलले गेले आणि जुना प्रोग्राम आमच्या लॅपटॉपमध्ये चालायला लागला.

हळू चालतं, भयंकर हळू. खऱ्या चिपवर पापणी लवायच्या आत होणारं काम इथं चहा पिऊन येईपर्यंत चालतं. पण प्रत्येक क्लॉकला प्रत्येक रजिस्टरमध्ये काय आहे ते ग्राफवर दिसतं, मागे जाता येतं, थांबून बघता येतं. तिसऱ्या दिवशी एक गोल सापडला: एक बाइट उचल, पत्ता एकनं पुढे, बेरीज कर, मोजणी एकनं कमी, संपली नसेल तर परत मागे. सगळं मोजून झाल्यावर ती बेरीज एका साठवलेल्या आकड्याशी ताडायची आणि जुळली नाही तर थेट त्या अलार्मकडे उडी. ज्या पत्त्यांची बेरीज चालली होती ते कार्डावरच्या बॅटरीवर चालणाऱ्या रॅमचे होते.

म्हणजे प्रोसेसर ठणठणीत. तो त्याचं काम इमानानं करत होता, मशीनचे पॅरामीटर खराब झालेत हेच सांगत होता बिचारा.

बॅटरी कुणीतरी आधीच बदललेली होती आणि मीटरवर ३.६ व्होल्ट व्यवस्थित दाखवत होती, म्हणून तिच्याकडे आधीच्या दोघांनी आणि मीही लक्ष दिलं नव्हतं. काढून बघितलं तर खालचा ट्रॅक जुन्या बॅटरीच्या गळक्या पाण्याने खाल्लेला, हिरवा होऊन तुटलेला. बॅटरी भरलेली पण रॅमपर्यंत काहीच पोचत नव्हतं. साफ केलं, बारीक वायरचा जंपर मारला, वर कोटिंग केलं. पॅनलच्या दारावर आतून चिकटवलेला पॅरामीटरचा पिवळा पडलेला कागद होता, त्यावरून शेठच्या ऑपरेटरने एकेक आकडा परत भरला. मशीन चालू झालं ते आजपर्यंत चालूच आहे. शेठ दुसऱ्या दिवशी स्वतः पेढे घेऊन आले होते.

हे काम जे-२ शिवाय झालंच नसतं असं म्हणणार नाही, डिसअसेम्ब्लरवर (आकड्यांवरून इन्स्ट्रक्शन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कागद घेऊन बसलो असतो तर कदाचित महिन्याभरात कळलं असतं. पण तीन दिवसांत, आणि अंदाज न बांधता बघून कळलं, ही किंमत मोठी आहे.

आता जे कमी आहे ते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा फक्त प्रोसेसर आहे. जुन्या एसएच चिपमध्ये टायमर, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग), डीएमए (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणारा भाग) असा सगळा संसार एकाच ठोकळ्यात असायचा आणि तो तसाच्या तसा जे-२ सोबत येत नाही. म्हणजे मेलेली चिप काढून तिच्या जागी एफपीजीए बसवू आणि कार्ड चालू होईल अशा आशेवर घेऊ नका. होऊ शकतं, पण प्रत्येक चिपचे ते टायमर आपल्याला मॅन्युअल वाचून स्वतः लिहावे लागतील. मी एका टायमरपासून सुरवात केलीये, अर्धा झालाय.

दुसरं, जे-२ ला एमएमयू नाही आणि एफपीयूही (दशांशाची गणितं करणारा भाग) नाही. एमएमयू नाही म्हणजे प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे कोंडलेले नसतात, एकाने चुकीच्या पत्त्यावर लिहिलं तर सगळी सिस्टिम बसते. नेहमीच्या लिनक्सवरचे बरेच प्रोग्राम फोर्क (चालू प्रोग्रामची दुसरी प्रत काढायची पद्धत) वापरतात, ते इथं चालत नाही, व्हीफोर्कवर आणावं लागतं. शिकायला म्हणून मला हे आवडलं कारण मधे पडदा नाही, पण घरचा कॉम्प्युटर म्हणून कोणी याकडे बघू नये.

तिसरं टूलचं. स्पार्टन-६ साठी लागणारं आयएसई सॉफ्टवेअर १४.७ या व्हर्जनवर २०१३ मध्ये थांबलं, पुढचं सॉफ्टवेअर विवाडो या चिपला ओळखत नाही. डिझाइन ओपन असलं तरी बोर्डावर चढवायची शेवटची पायरी बंद सॉफ्टवेअरमधूनच जाते, आणि हे मला खटकतं. त्या पोराचं म्हणणं पुढच्या वेळी लॅटिसच्या आइस-४० घराण्यातलं बोर्ड घेऊ कारण तिथं योसिस वगैरे ओपन टूलनेच सगळं होतं आणि जे-१ नावाचा जे-२ चा धाकटा भाऊ त्यात मावतो. पटतंय मला.

चौथं, शिकवणारं साहित्य तुटपुंजं आहे. कोड मात्र नीट लिहिलेला आहे, इन्स्ट्रक्शन डिकोड करायचा भाग तर एका स्प्रेडशीटमधून तयार होतो. कुठल्या इन्स्ट्रक्शनला आतली कुठली तार ओढायची ते तक्त्यात भरलंय आणि त्यातून व्हीएचडीएल बनतं. ज्याने आयुष्यभर रिले लॉजिकचे तक्ते बघितलेत त्याला हे पहिल्या दिवशी कळेल.

रिस्क-व्ही, म्हणजे असाच दुसरा खुला इन्स्ट्रक्शन सेट, का नाही घेतला, हे मला दुकानात येणारा प्रत्येक इंजिनिअर विचारतो. बर्कलीला २०१० मध्ये सुरू झालेलं ते काम मोठं आहे, आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा दोन्ही त्याच इन्स्ट्रक्शन सेटवर आहेत, आणि नवीन प्रॉडक्ट करायचं असेल, कंपनीसाठी काही उभं करायचं असेल तर सरळ तिकडे जा, तिथं माणसं जास्त आहेत, चिपा विकत मिळतात. पण माझ्या टेबलावर येणारी कार्डं रिस्क-व्हीची नाहीत. ती नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकातली आहेत, आणि त्यांची भाषा जे-२ ला येते.

पोरांना एवढंच सांगेन की घेताना बोर्डासोबत चांगली यूएसबी केबल घ्या. माझ्याकडे आधी मोबाइलच्या चार्जरची होती, ती नुसतीच पॉवर देणारी, डेटाच्या तारा आतमध्ये नव्हत्याच, आणि अर्धा दिवस बोर्ड खराब निघालं असं समजून त्या पोराला फोनवर नको ते बोललो. नंतर त्याची माफी मागितली. आता तो शनिवारी येतो, टायमरचं उरलेलं काम आम्ही दोघं मिळून करतोय.